नसलेल्या मंत्र्याचा फोन

१६ जून, सोम.
भोर. मशीनच्या आधी वज. ४६, उतरल्यावर ४४. भिलारे मॅडम म्हनल्या, "सोपान, एक वही कर. वजन लिही, पाणी किती प्यायल्या ते लिही, पाय सुजले तर लिही." मॅडम म्हंजे दवाखान्यात सरकारी योजनेच्या टेबलावर बसत्यात त्या. कार्ड, फोटो, मंजुरी सगळं त्यांच्या कंप्युटरमधनं जातं.
म्हनून ही वही. बारावीच्या इंग्रजीची हाय. पयली चार पानं भरल्याली, बाकी कोरी. दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा गेलोच न्हाई, मग नापास कसा करतील.
आईच्या किडन्या जाऊन दीड वरीस झालं. आठवड्याला दोन मशीन, म्हंजे रगत धुवायचं डायलिसिस, सोम. आनि गुरु., समदं योजनेत. गुंजवण्यातनं सकाळची येष्टी, नसरापूरला बदलायची, मग भोर. आई म्हनती, "माहेराला पन येवढ्या येळा गेली न्हाई मी."
पानी: तीन फुलपात्रं चालत्यात. आज चार. चौथं तिनं आंगुळीच्या बादलीतनं मारलं. तिला वाटतं म्या बघितलं न्हाई.

१९ जून, गुरु.
वज. ४६, मग ४४. आईच्या डाव्या हातात शीर जोडल्याली हाय, तिथं कान लावला की घुंईऽऽ वाजतं. शेजारच्या बेडवर नवीन आजोबा आल्यात, त्यांच्या नातीला म्या सांगितलं आत भुंगा कोंडलाय, रगत त्योच फिरवतो. पोरगी अर्धा तास आईच्या हाताला कान लावून बसली. आई म्हनली, "मुडद्या, माज्या हाताचा पन तमाशा केला व्हय." पन हात काडला न्हाई.

२१ जून, शनि.
पुण्याची पोरं गड चढायला लई. म्या आनि पिंट्या गाड्या लावून देतो, पावती फाडतो. आज एका घोळक्याला सांगितलं, वाटंवर धोंड उभी हाय ना, तिला तीनदा "आत्याबाई, येऊ का?" म्हना, न्हाईतर वर रेंज गावत न्हाई. बारा जनांनी हात जोडून म्हनलं. ती धोंड पिंट्याच्या आज्यानं म्हस बांधायला रोवल्याली. पिंट्या जीपमागं बसून रडंस्तवर हसला.
चहाला बबनतात्या भेटले. तात्या म्हंजे आमच्या गावातलं सरकार. सत्तेत कोनी बी असूंदे, तात्या त्याच्या शेजारी उभं. आज आमच्यापुढं स्पीकरवर मंत्र्याच्या पीएशी बोलले. पाटणकर नाव त्याचं. नाकातनं बोलतो आनि दर खेपंला शेवटी "तेवढं". "हंऽऽ... बघतो तेवढं... सांगतो तेवढं." एकदा ऐकलं, बसला गळ्यात.

२३ जून, सोम.
आज मशीन रिकामं आनि आई बाकावर. मॅडम म्हनल्या पुढच्या मशीनची मंजुरी वरनं आली न्हाई, फाइल पडून हाय. बारा वाजलं. आईचं तोंड फुगलं व्हतं, पाय पन.
मी भाईर गेलो. टेबलावरच्या फोनला नंबर दिसत न्हाई हे म्या कवाच बघून ठेवलंय. लावला. "हंऽऽ, पाटणकर बोलतोय, मंत्री साहेबांच्या ऑफिसातनं. त्या गुंजवण्याच्या बाईंचं काय झालं? बघा जरा तेवढं."
मॅडम खुर्चीतनं उठल्या म्हनं. अर्ध्या तासात मंजुरी. पाच मशीनची!
येष्टीत आईला सांगितलं. ती हसाय लागली ती खोकला लागंस्तवर हसली. मग म्हनली, "परत करू नको." मग जरा गेल्यावर, "त्याच्या नाकात काय अडकलं व्हतं रं?"

२९ जून, रवि.
सरकार पडलं. चहाच्या हाटेलात समदी मोबाईलमधी डोकं घालून. ट्रेकवाली पोरं, ड्रायवर, समदी. तात्या सकाळी आले, चौकातला मंत्र्याच्या फोटोचा आपला बोर्ड बघितला, गुंडाळला आनि जीपमधी टाकला. पावसात भिजू नये म्हनून, असं म्हनले.
पिंट्या म्हनला, "तुजा पाटणकर गेला की रं घरी."
म्या म्हनलं जाऊंदे, दुसरा शिकतो.

३ जुलै, गुरु.
वज. ४६, मग ४४. दवाखान्यात योजनेचा मोठा बोर्ड हाय, त्यावरच्या फोटोच्या तोंडावर कागद चिकटवलाय. आता त्यो मानूस कोट घालून बिनडोक्याचा उभा हाय. आईच्या कार्डावर पन त्योच फोटो. म्या म्हनलं मॅडम, कार्डावर पन चिकटवू का? मॅडम हसल्या न्हाईत. म्हनल्या, "मंजुरीतली एकच उरलीय. पण पोर्टल बंद पडायला लागलंय. सोमवारी या, बघू."

७ जुलै, सोम.
काचंवर कागद. "योजनेतील रुग्णांना पुढील सूचना येईपर्यंत सेवा देता येणार नाही." विमा कंपनीबरोबरचा जुना करार संपला, नव्यावर सही करायला वर कोनी न्हाई, आनि दवाखान्याचं मागचं बिल पन अडाकल्यालं. मॅडमनी येवढं सांगितलं. शेजारच्या बेडवरचे आजोबा पन परत गेले, नातीच्या खांद्यावर हात ठिवून.
"पैसे भरून करता येईल," असं काउंटरवरचा म्हनला. आईनं त्याच्याकडं बघितलं पन न्हाई. चपला शोधाय लागली.
घरी टीव्हीवर नवीन सरकार हार घालून घेतंय. गरिबांच्या आरोग्याला पयलं प्राधान्य. आबा म्हंजे माजा बाप, त्यांनी टीव्ही बंद केला.

९ जुलै, बुध.
वज. ४८.५. गावात मानसाचा काटा न्हाई, म्हनून भाताच्या गिरणीवर पोत्याच्या काट्यावर बसवलं. गिरणीवाला म्हनला, "वयनी, तूस धरून का काढून?" आई म्हनली, "तूसच ऱ्हायलाय आता, तांदूळ कवाच गेला."
आबा भात लावत्यात. आई बांधावर बसती, चिखलात पाय सोडून. म्हनती गार वाटतं. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडतो आनि तसाच ऱ्हातो. मी मोजतो. कालच्यापेक्षा आज जास्त येळ.
पानी: दोन. आज तिनं चोरलं न्हाई. त्याचीच जास्त भीती वाटली.

१० जुलै, गुरु.
कसं लिव्हू.
भोरला गेलो, म्हनलं मॅडमच्या पाया पडू. पाया पडायच्या आधी डोक्यात किडा वळवळला. फोन लांब स्टँडवरनं करनार व्हतो, पन आईला तिथवर परत चालवंना, म्हनून दवाखान्याच्या पायरीवरच बसवली आनि तिथनंच चार पावलावर उभं ऱ्हाऊन फोन लावला. आवाज जाड काडला. नवा मानूस, नवा आवाज. "जाधव बोलतोय. आरोग्यमंत्री साहेबांच्या ऑफिसातनं."
मॅडम म्हनल्या, "कोणत्या मंत्री साहेबांच्या?"
"आपल्या... नव्या."
"अहो, खातेवाटप कुठं झालंय? आरोग्याला मंत्रीच नाहीत अजून."
मी बातम्या कुठं बघतो. मला वाटलं सरकार हाय म्हंजे मंत्री असनारच. वर्गात मास्तर नसला तरी हजेरीत नाव असतं तसं.
तेवढ्यात मागं आई खोकली. तिचा खोकला मॅडमला म्हाईत हाय.
"सोपान?"
मला फोन ठेवता आला न्हाई. मॅडम हळू आवाजात म्हनल्या, "स्पीकर चालू आहे रे. मॅनेजर सर बसलेत."
आत बोलावलं. मॅनेजर रागावला पन न्हाई, ते लई वाईट. इचारलं, "मागच्या महिन्यात पाटणकरांचा फोन आला होता. तो?"
खोटं बोलायला मला कवाच येळ लागत न्हाई. आज तोंडच उघडलं न्हाई. त्यानं काय ते समजून घेतलं आनि कंप्युटरमधी आईच्या नावापुढं लाल खूण केली. चौकशी. ती पाच मशीनची मंजुरी खोटी ठरली म्हंजे आई पन खोटी.
येष्टीत आईला समदं सांगितलं. ती खिडकीला डोकं टेकून व्हती. म्हनली, "मंत्री न्हाई तर सही कोन करतंय?"
"कोनी न्हाई."
"मग माज्या किडनीला सांग म्हनावं, थांब जरा बाई, खाती वाटत्यात."

११ जुलै, शुक्र.
पहाटं आईला आडवं व्हता येईना. बसून श्वास. तात्याची जीप, पुन्याचा सरकारी दवाखाना. तात्या काय न बोलता आले, हे लिव्हून ठिवतो. दुपारी मशीन मिळाली. डॉक्टरीन बाई माझ्यायेवढीच असंल. म्हनली, "अजून एक दिवस घरी ठेवलं असतं ना..." आनि दुसऱ्या बेडवर गेली.
वज. ४९, मग ४६. येकदम जास्त काडता येत न्हाई म्हनं.

१५ जुलै, मंगळ.
पुन्याला आठवड्याला येकच मशीन मिळनार, शुक्रवारी. दुसऱ्यासाठी यादी. आमचा नंबर यादीत लई खाली. जिथं जिथं योजना बंद पडली तिथली समदी हितं आल्यात. मुळशीची, पुरंदरची. येक मानूस रोज येऊन बाकावर बसतो, कोन आलं न्हाई तर आपल्याला मिळंल म्हनून. कोन आलं न्हाई म्हंजे काय, हे त्यो बोलत न्हाई.

१७ जुलै, गुरु.
आबा माझ्याशी बोलत न्हाईत. म्हशीशी बोलत्यात, मला ऐकू जाईल असं. "आपल्या घरात लई मोठं सायब हायेत बरं का. मंबईवरनं फोन करत्यात."
म्या शेण काडलं, चिखल केला, दोन दिवस गाड्यांकडं गेलो न्हाई. भात लावून कंबर गेली. आबांनी माझ्या हातातनं रोपांची जुडी घेतली तेवढीच.

१९ जुलै, शनि.
पाऊस. वज. ४७.
पिंट्या म्हनला चल, पोरं आल्यात, आत्याबाई करू. गेलो. एका बाईनं हात जोडले, डोळे मिटले आनि काय तरी मागितलं खरंखुरं. व्हट हालत व्हते तिचे. मी खाली बघितलं. मग तिला सांगितलं मॅडम, ती नुसती म्हशीची धोंड हाय. ती म्हनली, "असू दे." पिंट्या दिवसभर मला "गुरुजी" म्हनत व्हता.

२५ जुलै, शुक्र.
पुने. वज. ४८.५, मग ४५.५. येताना आईला येष्टीत ताकवाली दिसली. तिनं तोंड फिरवलं. मला म्हनली, "तू पी. मी बघती." मी प्यालो न्हाई. "पी म्हनलं ना." प्यालो. ती बघत ऱ्हायली. असलं ताक कधी प्यायलो नव्हतो.

२८ जुलै, सोम.
खाती वाटली. आरोग्याला मंत्री आला!
दुपारी तात्यांचा नवा बोर्ड चौकात. तात्या तेच, नमस्कार त्योच, वरची डोकी बदलल्याली. पेढा घेऊन घरी आले. "वयनी, आता समद्यांना योजना. पिवळं रेशनकार्ड, केशरी, पांढरं, समद्यांना. रक्कम पन वाढवली. नाव बी नवं."
आई म्हनली, "समद्यांत मी येती का, येवढं इचारा फक्त."
तात्यांनी पेढा तिच्या हातात दिला. मग आठवलं तिला चालत न्हाई, मग माझ्या हातात दिला.

३१ जुलै, गुरु.
भोरचा दवाखाना परत सुरू! काचंवरचा कागद काडला, गोंदाचे चार ठिपके ऱ्हायल्यात. बोर्डावर नवा फोटो. बाकावर समदी जुनी मानसं, येकमेकांना बघून हसत्यात. शेजारचे आजोबा दिसले न्हाईत. नात पन न्हाई. मॅडमला इचारलं. त्यांनी आडवी मान हालवली.
मॅडमनी आईचं नाव टाकलं. जुन्या यादीतली समदी नावं नव्या यादीत आपोआप आल्यात. आईचं पन आलं. लाल खूण पन आली, ती हाय तवर मंजुरी न्हाई.
"काढा की मॅडम."
"माझ्या हातात नाही रे. ती जुन्या कंपनीच्या सिस्टिमची आहे. जुनी कंपनी गेली. नवीन म्हणते खूण आमची नाही, आम्ही कशी काढू."
सरकार बदललं, मंत्री बदलला, कंपनी बदलली, योजनेचं नाव बदललं. म्या केल्याली घान तेवढी जशीच्या तशी पुढं आली.
आईनं इचारलं, "काय म्हनली?" म्या म्हनलं, उद्या बोलावलंय. खरंच बोलावलंय. मॅनेजरकडं.

१ ऑगस्ट, शुक्र.
आबा आईला घेऊन पुन्याला, मशीनला. मी येकटा भोरला.
मॅनेजर म्हनला येकच वाट हाय. लिहून दे. दोन्ही फोन मीच केले, पेशंटला काय म्हाईत नव्हतं. मग खूण तिच्या नावावरनं निघू शकती. "तुझ्यावर पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही." पोलीस म्हनायचं व्हतं त्याला.
पयल्यांदा लिव्हलं तर त्यात गंमत आली. आपोआप येती, काय करू. मॅडमनी फाडलं. दुसऱ्यांदा लिव्हलं तर रडगानं झालं. ते पन फाडलं. म्हनल्या, "जे झालं तेवढंच लिही." तिसरं चार ओळीचं. आईला म्हाईत नव्हतं, येवढी येकच ओळ त्यात खोटी हाय. पाटणकराचं तिला त्याच दिवशी सांगितलं व्हतं, ती हसली व्हती. ती ओळ लिव्हताना हात लई सरळ चालला.
सांच्याला आबांना कागदाचा फोटो दावला मोबाईलमधी. लई येळ वाचत व्हते. मग तीन आठवड्यांनी पयल्यांदा माझ्याशी बोलले. "खाली माजी सई लागती का?"
न्हाई लागत, आबा.

२ ऑगस्ट, शनि.
मॅडमचा फोन. कागद वर पाठवला. आता मंत्र्यांच्या ऑफिसातनं शहानिशा करायला फोन येनार, माझ्याच मोबाईलवर. "एकदाच करतात सोपान. उचलला नाही किंवा काही वेडंवाकडं बोललास तर फाइल बंद करतात. नीट बोल. तुझ्या स्वतःच्या आवाजात."
म्या म्हनलं व्हय मॅडम.
गाड्यांकडं गेलो न्हाई. तिथं रेंज जाती.

४ ऑगस्ट, सोम.
वज. ४७.५ गिरणीच्या काट्यावर. पाय टम्म. बोलता बोलता मधीच थांबती, मग पुढचं वाक्य.
अकराला फोन वाजला. बाईचा आवाज, लई गोड. "मंत्रालयातून बोलतेय. सोपान का? तुमच्यावर फाशीची शिक्षा..." आनि मागं फिदीफिदी. पिंट्या! बाईचा आवाज त्यो माझ्यापेक्षा झ्याक काडतो, माझ्याकडनंच शिकलाय. नवीन सिमकार्ड घेतलंय येड्यानं, नंबर वळखीचा नव्हता. म्या त्याला त्याच्या सात पिढ्यांवरनं बोललो. मग पळत त्याच्या घरी गेलो, गचांडी धरली. त्यो रडला. म्हनला, "तू हसंना झालायस म्हनून केलं रं. हसावं म्हनून."
सोडला.

५ ऑगस्ट, मंगळ.
फोन न्हाई. पानी दोन फुलपात्रं. मोबाईल आईच्या उशाला, चार्जरला लावून. लाईट तीनदा गेली. म्या आवाज काडून बघितला, माझा. "मी सोपान बोलतोय. व्हय, म्याच केले फोन." आई म्हनली, "हा कुनाचा काडतोस?"

६ ऑगस्ट, बुध.
वज. घेतलं न्हाई. काट्यापर्यंत चालवंना.
दुपारी फोन. मी गोठ्यात व्हतो, पळत आलो, तोवर आईनं उचलून माझ्याकडं धरला. बाई. लई गोड आवाज. "मंत्री महोदयांच्या कार्यालयातून बोलतेय. सोपान बोलताय का? दोन मिनिटं बोलायचं होतं." नंबर नवीनच. आनि मागं कोनतरी हसलं. हसलंच. म्या ऐकलं.
माजं डोकं गेलं. म्या म्हनलं, "भाड्या, आय हितं मरायला टेकलीय आनि तुला परत तेच सुचतंय? तुज्या तर..." आनि पुढचं हितं लिव्हत न्हाई.
तिकडनं खट् करून कट.
पिंट्याच्या घरी गेलो. पिंट्या घरात नव्हता. सकाळपासनं वेल्ह्याला, तहसील हापिसात, बापाबरोबर, दाखल्यासाठी. त्याच्या बापाच्या मोबाईलवर लावला. पिंट्यानं आईची शपथ घेतली. बाप म्हनला, "फोन माज्या खिशात हाय रं त्याचा, बंद हाय."
मग मागं हसलं कोन. हापिसात पन मानसं हसतच असतील.
त्या नंबरवर लावला. रिंग जाती, कोनी उचलत न्हाई. परत लावला. परत. मॅडमला लावला, त्या आज सुट्टीवर. तात्या म्हनले बघतो, कुनाला तरी इचारतो, नव्या साहेबांकडं वळख अजून व्हायचीय.
आईनं इचारलं, "कोन व्हतं?" म्या म्हनलं राँग नंबर. तिनं मान हालवली. तिला कळलंय.
परत लावला. येंगेज! म्हंजे कोन तरी हाय तिथं. उंबऱ्यात बसून लावतोय, हितं दोन कांड्या रेंज येती.
आई आतनं म्हनती, "सोप्या, ठेव आता. येंगेज करून बसशील. तिकडनं लावलं तर लागायचं न्हाई."